आकडा सेकंदांत, खरंच

११ जानेवारी

वटवटीस मामाची आधी एक टप्पल, मग आशीर्वाद.

फोनवर तू बोलतेस आणि मी 'हं' म्हणतो, त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. पत्रात निदान मला माझं वाक्य पुरं करता येतं. तुझ्या वसतिगृहाच्या दिवसांपासून आपली ही सवय आहे, ती मोडायला मी तयार नाही. मामी म्हणते, जगात पोस्टाची तिकिटं घेणारा तू एकटाच उरलायस. असेन.

तर ऐक. आमच्या नवजात वॉर्डात अखेर तुझ्या कंपनीच्या काचेच्या पेट्या आल्या. पेट्यांच्या आत काय चालतं ते तुला मी काय सांगणार, त्यांच्यातला कोड तुम्हीच लिहिता. पण हे पत्र तू ताईला वाचून दाखवशील, म्हणून तिच्यासाठी सांगतो. लवकर जन्मलेली, मुठीएवढी बाळं असतात ना ताई, त्यांना या पेटीत ठेवायचं. पेटी ऊब देते. ऊब कमी झाली की अलार्म वाजतो. पण बाळाने पाय झटकला, सेन्सर जरा सुटला, की लगेच बोंब नको म्हणून एक आकडा घालून ठेवायचा. ऊब कमी होऊन इतका वेळ गेला तरच वाज, असा. आणि तो आकडा घालणारा तुझा भाऊ, हॉस्पिटलातली सगळी यंत्रं ज्याच्या गळ्यात आहेत तो.

आता गंमत. पेटीच्या पडद्यावर नुसता आकडा. एक ते साठ काहीही घाला, ती मुकाट घेते. सेकंद की मिनिटं, काही लिहिलेलं नाही. छापील पुस्तिका पेट्यांबरोबर आलीच नाही, ती म्हणे मागाहून येते. मग तुमच्या माणसाने आमच्या कॉम्प्युटरवर जे बसवून दिलंय ते उघडलं. काळी खिडकी, त्यात 'दाखव' टाइप करायचं, पुढे पेटीच्या ज्या कामाबद्दल विचारायचं त्याचं नाव, आणि एंटर. चित्र नाही, रंग नाही, उंदीर हलवणं नाही. दोन-चार ओळी येतात आणि बाई गप्प बसते. मला फार आवडली. आमच्या पिढीची वाटते.

ओळ अशी होती: 'अलार्म डिले. आकडा सेकंदांत द्यावा. मिनिटांत नाही. खरंच.'

मी खुर्चीत मोठ्याने हसलो. बाजूची सिस्टर दचकली. अगं, यंत्राच्या मजकुरात 'खरंच' कोण लिहितं? सहा वर्षांची असताना 'मामा, मी बिस्किट नाही खाल्लं, खरंच' म्हणणारी एकच कार्टी मला ठाऊक आहे. तेव्हा बिस्किट तू खाल्लेलं नव्हतंस, हेही मला ठाऊक आहे. मीच खाल्लं होतं.

मग काय, सगळ्या पेट्यांना पंचेचाळीस घातला आणि दुपारच्या चहाला वेळेवर पोचलो. एरवी प्रत्येक पेटीचा सेन्सर गार पाण्यात बुडवून, हातात घड्याळ धरून, अलार्म कधी वाजतो ते बघत बसायचं म्हणजे अख्खा दिवस जातो.

उन्हाळ्यात निवृत्त होतोय. मामीने घरातल्या बिघडलेल्या वस्तूंची यादी आत्तापासून करायला घेतली आहे. मला वाटतं ती त्या मुद्दाम बिघडवते.

तुझा मामा

◆

१८ जानेवारी

मामा,

तू हसलास ते वाचून मी इकडे ऑफिसात नाचायची बाकी होते! माझी ओळ तुझ्यापर्यंत पोचली! इथे कुणाला त्याचं काही नाही. मजकूर लिहिणं म्हणजे भांडी घासण्यासारखं काम, स्वयंपाक करणाऱ्याचं कौतुक होतं. पण मी सगळ्यांच्या वाटचं लिहिते, आणि 'दाखव' सांभाळायचं कामही माझ्याच गळ्यात आहे.

आईला पत्र वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, बिस्किटं तीच लपवून ठेवायची आणि तुम्ही दोघंही चोर.

तिच्यासाठी तू पेटी समजावलीस, आता तुझ्यासाठी मी 'दाखव' समजावते. कोडच्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर आम्ही ओळी लिहितो, हा तुकडा काय करतो, त्याला काय द्यायचं. त्या ओळी मशीन वाचतच नाही. त्यांच्यावरून सरळ उडी मारून पुढे जातं. त्या फक्त माणसांसाठी. 'दाखव' त्या ओळी उचलून तुझ्यासमोर ठेवतं. रोज पहाटे आमच्याकडून ताज्या ओळी सगळ्या हॉस्पिटलांत आपोआप जातात. कोडचा एक स्वल्पविराम हलवायचा तर इथे चार जणांच्या सह्या लागतात, महिने जातात. ओळींना सही लागत नाही. आमचे साहेब म्हणतात, "ओळींनी कुणी मरत नाही, हव्या तेवढ्या लिही."

आणि ओळी मी नेहमी आधी लिहिते. कोड नंतर. ही तुझीच शिकवण. सोल्डरिंगची कांडी हातात घ्यायच्या आधी काय करणार ते कागदावर लिही, असं म्हणून तू मला तुझ्या टेबलाखालून बाहेर काढायचास. इथली मुलं मला हसतात. ती कोड लिहितात आणि ओळी विसरतात. माझं उलट असतं, ओळ लिहून तयार आणि कोड अजून वाटेत. आत्ताही तेच चाललंय, नव्या आवृत्तीच्या ओळी लिहून झाल्या आणि कोड बसलाय सह्यांच्या रांगेत. पण मला तसंच जमतं, काय करू?

सेन्सर गार पाण्यात बुडवायच्या वेळी घड्याळ मी धरायचे, आठवतं? "आता!" म्हणून मी इतकी ओरडायचे की अलार्मची गरजच पडायची नाही.

निवृत्तीच्या दिवशी मी येणार. रजा टाकलीय. खरंच.

तुझी वटवटी

◆

२ फेब्रुवारी

वटवटे,

ताईला हे पत्र वाचून दाखवू नकोस.

वॉर्डात वाईट झालं. एका पेटीची गरम करणारी तार तुटली. तार तुटते, त्यात नवल नाही, म्हणूनच तर अलार्म असतो. अलार्म वाजला नाही. पेटी गार होत गेली आणि आत एक मुलगी होती. सिस्टर दुसऱ्या बाळाचं करून वळली, सहज हात घालून तिने पाय चाचपले, तर थंडगार. मग धावपळ. मुलगी जिवंत आहे. दुसऱ्या पेटीत आहे, नळ्या लावल्यात. विचारलं की डॉक्टर नुसती मान हलवतात, होय की नाही ते कळत नाही.

मी पेटी उघडली. सेन्सर ठीक, अलार्म ठीक, आकडा पंचेचाळीस, मी घातला तोच. मग सेन्सर पाण्यात टाकला आणि बसलो. पंचेचाळीस सेकंद झाले. काही नाही. पाच मिनिटं झाली. काही नाही. मी उठलोच नाही. शेवटी तो वाजला तेव्हा माझ्या हातातून घड्याळ पडलं. पेटी माझा आकडा मिनिटांत धरून बसली होती गं. आम्ही त्या पोरीला पाऊण तास गार होऊ देणार होतो, आणि यंत्र म्हणणार होतं सगळं छान आहे.

सगळ्या पेट्यांचा आकडा तेव्हाच एकवर आणला. चौकशी समिती बसली आहे. मी त्यांना सरळ सांगितलं, मी 'दाखव'मध्ये वाचलं, तिथे सेकंद लिहिलंय. समितीच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "गुरुवारी आम्ही स्वतः बघू." बघा म्हटलं. मला त्याची भीती नाही, तिथे काय लिहिलंय ते मी हसत हसत वाचलंय.

तू तिकडे हळूच चौकशी कर. कोडमध्येच काही घोटाळा असेल तर तुमच्या साहेबांना सांग. तुझं नाव मी कुठे घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. मला तोवर कामावर येऊ नका म्हणालेत. मी तरी जातो, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसतो.

मामा

◆

६ फेब्रुवारी
(हे पत्र तेव्हा पोस्टात टाकलं नाही.)

मामा,

कोडमध्ये घोटाळा नाही. घोटाळा माझ्या ओळीत आहे.

पेटीत जुना कोड आहे, तो मिनिटं मोजतो. नवा कोड सेकंद मोजणार आहे, तो अजून सह्यांच्या रांगेत आहे. मी ओळ आधी लिहिली. ओळीला सही लागत नाही, म्हणून ती एकटीच तुमच्याकडे पोचली. अजून जन्माला न आलेल्या कोडबद्दल मी तुला 'खरंच' म्हटलं. मागच्या पत्रात मी हे सगळं तुला फुशारकीने लिहिलंसुद्धा होतं, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तुझा पंचेचाळीस माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी बिस्किटांबद्दल लिहीत बसले.

तुझं पत्र यायच्या आधीच हॉस्पिटलचं पत्र कंपनीत आलं होतं. साहेब माझ्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ओळ जुन्यासारखी कर. मिनिटं. आत्ता, माझ्यासमोर. ती चूक होती आणि आपण चूक सुधारतोय, एवढंच." मी म्हटलं, तिथल्या माणसाने सेकंद वाचलं होतं. ते म्हणाले, "तो म्हातारा आहे. उन्हाळ्यात जाणारच आहे. त्याला काही होत नाही. तुझं मात्र सगळं पुढे आहे, आणि कंपनीतल्या एवढ्या लोकांचं पोट आहे."

तो म्हातारा कोण हे त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही. मी ओळ बदलली मामा. माझ्या हाताने. 'आकडा मिनिटांत द्यावा.' पुढे काही नाही.

उद्या पहाटे ती तुमच्याकडे पोचेल आणि गुरुवारी त्या बाई ती वाचतील.

◆

६ फेब्रुवारी

मामा,

पत्र मिळालं. फार वाईट वाटलं. मी इकडे विचारते. कामाबद्दल बाहेर काही लिहायचं नाही असं आम्हाला सांगितलंय, म्हणून जास्त लिहीत नाही. तू जेवत जा. बाकावर बसू नकोस, गारठा असतो.

वटवटी

◆

२१ फेब्रुवारी

चि. वटवटीस,

एवढंसं पत्र? वटवटीची वाचा बसली की काय? असो, तुझी नोकरी सांभाळून लिही. मी समजू शकतो.

गुरुवार झाला. समितीच्या बाई, आमचे मुख्य डॉक्टर आणि मी, असे कॉम्प्युटरसमोर बसलो. मीच ऐटीत टाइप केलं. 'दाखव', नाव, एंटर. ओळ आली: 'आकडा मिनिटांत द्यावा.'

मी परत टाइप केलं. परत तेच. तिसऱ्यांदा टाइप करायला लागलो तेव्हा मुख्य डॉक्टरांनी माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता. रागावले असते तर मी भांडलो असतो, पण ते सगळे माझ्याशी गोड बोलायला लागले गं. दाराबाहेर आल्यावर डॉक्टर हळूच म्हणाले, "हल्ली झोप लागते का तुम्हाला? नावं आठवतात का?"

घरी येऊन मामीला सांगितलं. तिने विचारलं, "नक्की वाचलं होतंस?" मी नक्की म्हटलं. मग म्हटलं, बहुतेक. ती म्हणाली, "तुला ती पोरगी सगळीकडे दिसते. तिच्या कंपनीची पेटी म्हटल्यावर तिथे तुला तिचा शब्द दिसला असेल." हे मात्र मला पटलं. दुसरं काय? यंत्राच्या मजकुरात 'खरंच' कोण लिहितं?

तुझ्या जानेवारीतल्या पत्रात तू त्या ओळीबद्दल लिहिलं होतंस असं मला अंधुक आठवतं. ते पत्र शोधायची हिंमत होत नाही. समजा काढलं आणि त्यातही तसलं काही नसलं, तर मग मी कुठे जाऊ?

मामी मला एका डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने मला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मला! काढलं मी, आतल्या दातेरी चाकांसकट. तो हसला आणि म्हणाला, सुरुवातीला असंच असतं, येत जा अधूनमधून. तेव्हापासून मी गॅस बंद केला की नाही ते पुन्हा पुन्हा बघतो. कुलूप लावून परत येतो. काल भाजीवाल्याने सुटे पैसे दिले ते मोजलेच नाहीत, मोजून काय उपयोग, माझ्या मोजण्यावर माझाच विश्वास नाही. मीटर आणि सोल्डरिंगची कांडी एका खोक्यात भरून ठेवलीय. तू घेऊन जा. आता मी कुठल्या यंत्राला हात लावावा असं मला वाटत नाही.

बाकावर एकदा त्या मुलीचा बाप माझ्याशेजारी येऊन बसला. तरुण पोरगा आहे, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. त्याने विचारलं, "तुमचं कोण आहे आत?" मी वॉर्डाच्या दाराकडे बघितलं. त्याला वाटलं माझंही बाळ-नातू कुणी आत आहे. त्याने त्याच्या चहातला अर्धा मला दिला. मी प्यालो. त्याच्या हातचा चहा मी प्यालो वटवटे, आणि कोण आहे ते सांगितलं नाही.

समितीला लेखी द्यायचं आहे, माझ्या चुकीने झालं, वाचण्यात भ्रम झाला. मजकूर तयार आहे. सही करायच्या आधी तुला एकच विचारतो. तू तिथे काय लिहिलं होतंस? मिनिटं लिहिलं असशील तर बेलाशक तसं सांग. मला वाईट वाटणार नाही. उलट मोकळा होईन. आपल्याला वेड लागतंय हे एकदा नक्की कळलं तर माणूस त्याचीही सोय लावतो. हे अधांतरी काही सोसवत नाही.

बाकीच्या हॉस्पिटलांत तरी माझ्यासारखा कुणी नसो. कुणी सेकंद समजून आकडे घालून बसला असेल तर त्याच्या पेट्या आजही तशाच चालू असतील.

तुझा मामा

◆

२७ फेब्रुवारी

मामा,

सही करू नकोस. केली असशील तर कागद परत माग.

तू जे वाचलंस ते तिथे होतं. शब्द न् शब्द. 'सेकंदांत द्यावा. मिनिटांत नाही.' आणि पुढचा तो शब्दही. तुला भ्रम झाला नाही, तुला काहीही झालेलं नाही. त्या डॉक्टरला सांग की चाकांसकट घड्याळ काढणाऱ्या माणसाला काय होणार. सोबत एक पत्र ठेवलंय, सहा तारखेला लिहिलेलं. ते आधी वाच. ते मी टाकलं नाही आणि त्याऐवजी तुला जेवत जा म्हणून लिहिलं. मला माझीच लाज वाटते, याहून मोठा शब्द सापडत नाही.

मी स्वतःला काय समजावत होते सांगू? मामाला काही होत नाही. उन्हाळ्यात निवृत्त होणारच आहे. साहेबांचे शब्द मी पाठ करून ठेवले होते. तू वेडा होशील, असं माझ्या मनातही आलं नाही. आणि ते शेवटचं वाक्य तू लिहिलंस, बाकीच्या हॉस्पिटलांचं. मी ते ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचलं. ओळ पुसली म्हणजे झालं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ओळ पुसली, पण ती वाचून ज्यांनी आकडे घातले त्यांचे आकडे कुणी पुसले? कुणीच नाही. त्या जिन्यावर मी उभी होते तेव्हाही कुठेतरी पेट्या तशाच चालू होत्या.

साहेबांकडे गेले. म्हटलं, सगळ्या हॉस्पिटलांना कळवा. ते म्हणाले, वकिलांशी बोलतो, पुढच्या आठवड्यात बैठक घेऊ. मी माझ्या जागेवर येऊन बसले. कोडला हात लावायला चार सह्या लागतात. ओळींना नाही.

मी ओळ लिहिली मामा. काय लिहिली ते इथे लिहीत नाही, तू हे वाचशील तोवर ती सगळीकडे वाचून झालेली असेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमचे फोन वाजायचे थांबले नाहीत. संध्याकाळी त्यांनी माझं ओळखपत्र घेतलं आणि पहारेकऱ्याने मला दारापर्यंत सोडलं. त्या बिचाऱ्याला कळेना माझ्याशी कसं बोलावं, रोज मी त्याच्याशी दहा मिनिटं बोलते. ओळ त्यांनी पुसली असेल. पुसू देत.

तुझ्या घरी दोनदा फोन केला. मामीने उचलला. पहिल्यांदा म्हणाली तू झोपलायस. दुसऱ्यांदा मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

आईला सांगितलंय. ती माझ्याशी बोलत नाहीये. मला क्षमा कर असं लिहायचा मला धीर नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वटवटी

◆

१० मार्च

वटवटीस,

तुझी ओळ मी वाचली. पत्र यायच्या आधीच. समितीच्या बाईंनी गाडी पाठवून मला बोलावून घेतलं, कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच टाइप करा." 'दाखव', नाव, एंटर.

'अलार्म डिले. आकडा मिनिटांत. या जागी काही आठवडे सेकंद असं लिहिलेलं होतं. ते चूक होतं आणि ते मी लिहिलं होतं. नंतर ते गुपचूप बदलण्यात आलं, तेही मीच केलं. ज्या तंत्रज्ञाने सेकंद वाचलं त्याने बरोबर वाचलं. हे वाचत असाल तर उठा आणि तुमच्या पेट्यांचे आकडे आत्ता बघा. खरंच.'

मी ते मोठ्याने वाचलं. मग मुख्य डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही वाचा. त्यांनी वाचलं. मग सिस्टरला बोलावून तिलाही वाचायला लावलं. सगळ्यांना तेच दिसत होतं. मला एवढंच हवं होतं. बाईंनी पडद्याचा फोटो काढून घेतला. आणखी दोन हॉस्पिटलांत आमच्यासारखेच आकडे निघाले असं त्या म्हणाल्या. त्यांच्या पेट्यांत बाळं होती. काही झालेलं नव्हतं.

आमची पोरगी नळीशिवाय दूध घ्यायला लागली आहे. पुढे काय होईल ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. तिच्या बापाला मी सगळं सांगितलं, मी कोण आहे तेही. तो उठून गेला. गेला ते बरोबरच केलं.

आता तुझ्याशी बोलायचं आहे.

ओळ चुकली त्याचा मला राग नाही. ओळी चुकतात. आधी ओळ मग काम, हे तुला मीच शिकवलं, तेव्हा त्यात माझाही वाटा आहे. पण तू मला माझ्या डोक्यावर संशय घेऊ दिलास. मी तुला पानभर लिहिलं, आणि तू मला लिहिलंस, बाकावर गारठा असतो. तुला ठाऊक होतं आणि मी मामीसमोर रोज गॅसचा खटका बघत उभा राहत होतो. ते मला अजून गिळता येत नाही. मामीला तर मुळीच नाही, तिच्या समोर तूर्त येऊ नकोस.

आणि तुझी ओळ पुरती खरी नाही. तंत्रज्ञाने बरोबर वाचलं म्हणतेस. वाचलं बरोबर. पण इतक्या वर्षांत मी एकाही पेटीला सेन्सर पाण्यात बुडवल्याशिवाय, घड्याळ धरल्याशिवाय वॉर्डात जाऊ दिलं नव्हतं. या खेपेला जाऊ दिलं आणि वर चहाला वेळेवर पोचलो म्हणून तुला कौतुकाने कळवलं. कारण ओळ तुझी होती. परक्याने लिहिली असती तर मी तपासली असती. हे मी समितीला माझ्या हाताने लिहून दिलंय. निवृत्तीचा समारंभ होणार नाही, मीच नको म्हटलं. उन्हाळ्याची वाट न बघता या महिन्याअखेर जातोय. जाण्याआधी सगळ्या पेट्या घड्याळ लावून तपासून देतोय. रोज दोन-तीन होतात.

मीटरचं खोकं परत उघडलंय, तुला मिळणार नाही.

समितीला तुझी साक्ष हवी आहे. बोलावतील तेव्हा ये, आणि सगळं सांग, साहेबांच्या खुर्चीसकट. माझ्याकडे बघून बोलू नकोस, त्या बाईंकडे बघून बोल. नोकरीचं बघू, तुला हात आहेत. ताईला मी फोन केला, ती बोलेल तुझ्याशी.

पत्रं लिहीत जा. माझ्याकडून लगेच उत्तर येणार नाही, पण तुझं वाचीन. फक्त एक कर. तो तुझा शब्द मला काही दिवस लिहू नकोस.

मामा